काचेंतील समुद्राची गाळणी



समुद्रास कोणी धूत नाहीं. त्यांत अगणित प्राणी जन्मास येतात, खातात, मळ टाकतात आणि मरून जातात. नद्या देशोदेशींचा गाळ त्यांत आणून ओततात. तरी युगानुयुगें त्याचें पाणी जीवांस राहण्यायोग्य राहिलें आहे. अलीकडे मनुष्यानें त्यांत जी घाण लोटली आहे, तिचा विचार तूर्त बाजूस ठेवूं. उलट त्याच समुद्राचें तीनचार घागरी पाणी काचेच्या पेटींत भरून त्यांत एखादा मासा सोडला, तर थोड्याच दिवसांत तें त्यास विषासारखें होतें. पाणी तेंच, क्षार तेच, मासाहि तोच. मग मोठ्या समुद्रांत असें काय आहे, जें या धाकट्या समुद्रांत नाहीं? या एका प्रश्नाच्या पाठीस आमचें विज्ञानमंडळ गेलें वर्षभर लागलें होतें. त्यांतून जें हातीं आलें, तें आपणांपुढें व आपल्या वडील मंडळींपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आमची शाळा अहिल्यानगर जिल्ह्यांत, दख्खनच्या पठारावर आहे. समुद्रकिनारा येथून दोनशें किलोमीटरांहून दूर. पाऊस बेताचा, विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी जड. वसतिगृहांतील कित्येक मुलांनीं समुद्र पाहिला असेल तो चित्रांतच. अशा ठिकाणीं खाऱ्या पाण्याची टाकी उभारावी, ही कल्पना ऐकणारास प्रथम हंसूं येई. परंतु एका माजी विद्यार्थ्यानें प्रयोगशाळेकरितां कांहीं रक्कम पाठविली, तेव्हां आठवी-नववीच्या मुलामुलींनीं एकमतानें मागणी केली ती समुद्राची. तोहि साधा नव्हे, खडकांच्या कपारी असलेला, प्रवाळ-बेटाच्या कडेस असतो तसा. मीं त्यांस एकच अट घातली. टाकीचा जो भाग पाहुण्यांस दिसत नाहीं, त्यावर अगोदर खर्च करावयाचा. मासे आणि दिवे मागाहून. मुलांनीं अट मान्य केली. तिचा अर्थ त्यांस पुढें कळला.

गाळणी हा शब्द आपण स्वयंपाकघरांतून उचलतों. चहाची गाळणी चोथा अडविते, पिठाची चाळणी कोंडा अडविते, आणि घागरीच्या तोंडास आई जें फडकें बांधते तें काडीकचरा अडवितें. अर्थात् जें डोळ्यांस दिसतें, तेंच या गाळण्यांच्या हातीं लागतें. टाकींतल्या पाण्यांत मात्र मळ तीन प्रकारचा असतो. पहिला उरलेल्या खाद्याचा, विष्ठेचा व शेवाळाच्या तुकड्यांचा, हा दिसतो. दुसरा पाण्यांत विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा; पाण्यास पिवळसर झांक आली म्हणजे त्याची चाहूल लागते. तिसरा मळ म्हणजे अमोनिया. मासा आपल्या कल्ल्यांवाटे तो सतत पाण्यांत सोडीत असतो आणि कुजणाऱ्या खाद्यांतूनहि तो निघतो. हा मुळींच दिसत नाहीं. पाणी स्फटिकासारखें निर्मळ असतांहि तो त्यांत असूं शकतो, आणि मासा बहुधा मरतो तो यानेंच. मळ तीन, म्हणून गाळण्याहि तीन.

टाकी गांवांतील काचवाल्याकडून करविली. लांबी ६० सें. मी., रुंदी ३० सें. मी. व उंची ३६ सें. मी.; म्हणजे सुमारें ६५ लिटर. दगड, वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां पाणी मावतें ५० लिटरांच्या आसपास. हें गणित मुलांनींच केलें, आणि मीठ किती, पंप केवढा, हें सर्व पुढें याच आंकड्यावरून ठरलें. टाकीच्या पाठीमागें काचेचा आडपडदा घालून एक अरुंद कप्पा केला व त्याचे तीन भाग पाडले. पुढचें पाणी पडद्याच्या माथ्याशीं असलेल्या फणीसारख्या दांत्यांतून पहिल्या भागांत उतरतें, तळाच्या फटींतून दुसऱ्यांत शिरतें, तेथून वर चढून तिसऱ्यांत पडतें, आणि तिसऱ्या भागांतील लहानसा पंप तें पुन्हा पुढें फेंकतो. पंप तासास ६०० लिटर पाणी फिरवितो. म्हणजे टाकींतलें सगळें पाणी तासाभरांत बारा वेळां गाळण्यांतून जातें. सांधे जोडणारें सिलिकोन वाळतांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो अगदीं जाईपर्यंत आठवडाभर टाकी कोरडी ठेवली.

मग पाणी. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत जेवणांतल्या मिठाचा भाग सर्वांत मोठा खरा, पण त्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारहि ठराविक प्रमाणांत असतात. म्हणून नुसतें खडेमीठ घालून समुद्र होत नाहीं. हे सर्व क्षार मिसळलेलें तयार सागरी मीठ बाजारांत मिळतें; तें पावणेदोन किलो लागलें. ज्या पाण्यांत तें विरघळवावयाचें, तें मात्र शक्य तितकें कोरें हवें. आमच्या कूपनलिकेच्या पाण्यांत आधींच नाना क्षार, शिवाय शेवाळास पोसणारीं द्रव्यें. सबब तें आर. ओ. यंत्रांतून व त्यापुढें रेझिनच्या नळींतून नेलें, आणि टी. डी. एस. मीटरवर शून्य दिसल्यावरच मीठ घातलें. एक मुलगी म्हणाली, “सर, आधीं सगळें काढून टाकावयाचें आणि मग पुन्हा घालावयाचें?” मीं म्हटलें, “पाटीवर नवें गणित मांडावयाचें, तर जुनें पुसावें लागतेंच.”

पहिल्या भागांत बसविली ती पहिली गाळणी: साधा पांढरा फिल्टरचा कापूस. ही सर्वांत स्वस्त गाळणी, पण तिला एक पथ्य आहे. कापसानें मळ अडविला म्हणजे तो नाहींसा होत नाहीं. तो तेथेंच बसून कुजूं लागतो व अमोनिया होऊन पुन्हा पाण्यांत उतरतो. म्हणून दर तीन दिवसांनीं कापूस काढून नवा घालावा लागतो. केर सुपलींत भरून सुपली घरांतच ठेवली, तर घर झाडलें असें कोण म्हणेल?

दुसऱ्या गाळणीचीं अंगें दोन. एक, लाकूड किंवा नारळाची करवंटी यांपासून खास रीतीनें केलेला सच्छिद्र कोळसा. त्याची पुरचुंडी दुसऱ्या भागांत ठेवली. पाण्याचा पिवळेपणा तो आपल्या असंख्य छिद्रांच्या भिंतींवर धरून ठेवतो. भिंती भरल्या कीं त्याचें काम संपतें आणि तो बदलावा लागतो. दुसरें, फेस काढण्याचें यंत्र, ज्यास या धंद्यांत स्किमर म्हणतात. आपल्या जिल्ह्यांतील मुलांस तें समजावून देण्यास मला फार सायास पडले नाहींत, कारण गुऱ्हाळ सर्वांनीं पाहिलेलें. काहिलींत उसाचा रस उकळूं लागला कीं मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानें काढून टाकतो. स्किमरमध्यें उष्णतेऐवजीं हवेचे अतिशय बारीक बुडबुडे असतात. विरघळलेल्या कांहीं सेंद्रिय पदार्थांचा स्वभावच असा कीं, पाणी व हवा जेथें भेटतात तेथें ते चिकटून बसतात. बुडबुड्यांबरोबर ते वर चढतात, त्यांचा दाट फेस होतो, आणि तो फेस वरच्या पेल्यांत जमतो. खाऱ्या पाण्यांत बुडबुडे बारीक राहतात, म्हणून ही युक्ति समुद्राच्या पाण्यांत साधते. गोड्या पाण्याच्या लहान टाकींत ती जवळजवळ निरुपयोगी. पेल्यांतलें तें तपकिरी पाणी प्रथम पाहिलें, तेव्हां मुलांनीं नाकें मुरडलीं. मग त्यांच्या लक्षांत आलें कीं, हें सगळें एरव्हीं माशांच्या श्वासाच्या पाण्यांत राहिलें असतें.

आतां तिसरी गाळणी, आणि खरी गोष्ट येथेंच आहे. अमोनिया कापसानें अडत नाहीं, कोळशास जुमानीत नाहीं, फेसांतून येत नाहीं. त्यास गाळणारे सजीव असतात. मोठ्या समुद्रांत खडकाच्या प्रत्येक कपारींत, वाळूच्या प्रत्येक कणावर, डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्मजंतु वस्ती करून असतात. त्यांतील एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइटहि अपायकारकच, जरी समुद्राच्या पाण्यांतील क्लोराइडमुळें त्याचा जाच गोड्या पाण्यांतल्यापेक्षां कमी असतो. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणांत मासे सोसतात. हे जंतु त्यावरच आपला निर्वाह करतात. आपण ज्यास विष म्हणतों, तें त्यांचें अन्न आहे. हें काम सजीवांचें आहे, हें रशियन शास्त्रज्ञ विनोग्रादस्की यानें १८९० च्या सुमारास असे जंतु वेगळे करून सिद्ध केलें. आणि शोध तेथें संपला असेंहि नाहीं. २००५ सालीं अमोनियावर जगणारा, बॅक्टेरियांहून सर्वस्वीं निराळ्या अशा आर्किया वर्गांतील एक सूक्ष्मजीव प्रथमच वेगळा करण्यांत आला. तो सांपडला अमेरिकेंतील सिअॅटल येथील मत्स्यालयाच्या टाकींत! ज्या टाकीसमोर मुलें माशांकडे बोट दाखवीत उभीं राहत असतील, तिच्या तळच्या खड्यांवर तो बसला होता आणि कोणास त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें.

या सूक्ष्म मंडळींस आपण तीनच गोष्टी द्यावयाच्या: राहण्यास जागा, प्राणवायु, आणि अन्न. जागेकरितां दुसऱ्या भागांत चिनीमातीच्या सच्छिद्र नळ्या भरल्या व पुढें तशाच सच्छिद्र दगडांच्या कपारी रचल्या. आपला जांभा दगड छिद्रांचाच असतो, तो कां नको, असें एका मुलानें विचारलें. परंतु लोहाचा अंश पुष्कळ असलेला दगड खाऱ्या पाण्यांत नित्य ठेवणें मला प्रशस्त वाटेना. प्राणवायु वाहत्या पाण्याबरोबर येतो. राहिलें अन्न. पूर्वीं लोक टाकींत एखादा काटक मासा सोडून त्याच्या अमोनियावर जंतु वाढवीत. तो मासा जगला तर दैव, मेला तर दुसरा. आम्हीं मासा सोडला नाहीं. त्याऐवजीं प्रयोगशाळेंतील शुद्ध नवसागर घेतला. कल्हईवाला भांड्यावर जी पूड टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तोच हा नवसागर. मात्र बाजारी पूड न घेतां प्रयोगशाळेची घ्यावी. ५० लिटर पाण्यांत त्याचा सुमारें तीन दशांश ग्रॅम घातला, म्हणजे लिटरामागें अमोनिया झाला दोन मिलिग्रॅम. नवा सागर करण्यास नवसागर लागावा, या शब्दयोगाची मुलांस मोठी मौज वाटली.

त्यानंतर वाट पाहणें. रोज दुपारीं दोन मुलें परीक्षानळींत पाणी घेऊन थेंब घालीत व रंग नोंदवहींत लिहीत. अमोनियाची नळी हिरवी, नायट्राइटची निळसर. दुसऱ्या दिवशीं तीच, तिसऱ्या दिवशीं तीच. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत शाळेचें स्नेहसंमेलन होतें. पाहुणे प्रयोगशाळा पाहणार, पालक येणार. टाकींत निदान दोन रंगीत मासे तरी असावेत, असें पुष्कळांचें म्हणणें पडलें. एका सद्गृहस्थांनीं मासे स्वखर्चानें आणून देण्याचीहि तयारी दाखविली. त्यांचा हेतु चांगला होता, यांत शंका नाहीं. परंतु नळी अजून हिरवी होती. मुख्याध्यापकांस मीं ती नळी दाखविली व म्हटलें, “या पाण्यांत मासे दोन दिवस शोभा देतील, तिसऱ्या दिवसाची हमी मला देतां येणार नाहीं.” त्यांनीं नळीकडे पाहिलें आणि माझ्याकडे पाहिलें. “मग रिकामी टाकीच दाखवा,” ते म्हणाले. मुलांनीं काचेवर चिठ्ठी लावली: ‘येथें मासे नाहींत. गाळणी तयार होत आहे.’ कांहीं पाहुणे हंसले; बहुतेक क्षणभर थांबून पुढें गेले.

एक गृहस्थ मात्र थांबले ते अर्धा तास. ते वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याचे वडील. हा मुलगा हुशार, पण वडिलांच्या व्यवसायाविषयीं कोणी विचारलें तर ‘नोकरी करतात’ एवढेंच सांगून विषय बदलणारा. वडील एका मोठ्या शहराच्या मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांत कामगार आहेत, हें मला त्या दिवशीं कळलें. ते टाकीपुढें न थांबतां सरळ मागच्या कप्प्याकडे गेले, वाकून पंपाचा आवाज ऐकला आणि मला म्हणाले,

“सर, ह्यांत विरजण कुठलें घातलें?”

मी चकित झालों. आमच्या टाकींत विरजण होतें खरें: पुण्याच्या एका व्यापाऱ्याच्या जुन्या, चालत्या टाकींतील मूठभर नळ्या आम्हीं ओल्या फडक्यांत गुंडाळून आणल्या होत्या. परंतु तें काय आहे हें समजावण्यास मीं वर्गांत दोन तास खर्च केले होते, आणि हा एक शब्द मला सुचला नव्हता. ते मुलांकडे वळून सांगूं लागले, “आमच्याकडे नवी टाकी सुरू करायची झाली, कीं जुन्या टाकींतला गाळ आणून तिच्यांत सोडतों. दुधाला विरजण लावतात ना, तसाच. तो गाळ म्हणजे घाण नव्हे बाळांनो, तेच आमचे खरे कामगार. आम्ही फक्त त्यांना खालून हवा देतों. हवा बंद पडली तर कांहीं तासांत त्यांचे हाल होतात, मग वासावरूनच कळतें.” आणि पुन्हा माझ्याकडे वळून त्यांनीं विचारलें, “सर, वीज गेली तर काय करणार?”

मुलें त्यांच्याभोंवतीं गोळा झालीं होतीं. शहराच्या त्या टाक्या केवढ्या, हवा किती सोडतात, रात्रपाळीस कोण असतें, शुद्ध झालेलें पाणी कोठें जातें. प्रश्नांस खंड नव्हता. त्यांचा मुलगा प्रथम दाराशीं उभा होता. हळू हळू तो पुढें आला व शेवटीं वडिलांच्या अगदीं शेजारीं येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशीं नोंदवहीच्या पानावर त्याच्या अक्षरांत मथळा होता: ‘विरजण, दिवस एकोणिसावा’. त्यानंतर त्याचे वडील काय करतात, हें शाळेंत कोणास विचारावें लागलें नाहीं, तोच सांगे.

बाविसाव्या दिवशीं अमोनियाची नळी पिवळी झाली. नायट्राइट आतां चढलें. नळी गर्द जांभळी. एकतिसाव्या दिवशीं तीहि फिकी पडली. पुन्हा नवसागर घालून पाहिला, तो चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोनहि शून्य. तेव्हां निम्म्याहून अधिक पाणी बदलून सांठलेलें नायट्रेट कमी केलें, आणि जानेवारीच्या अखेरीस दोन लहान क्लाउनफिश व चार गोगलगाई आणल्या. हे मासे समुद्रांतून पकडलेले नाहींत. पैदास केलेल्यांपैकीं आहेत. आपल्या देशांत तामिळनाडूंतील मंडपम् येथील सागरी मत्स्यसंशोधन केंद्रांत अशा माशांची पैदास यशस्वी झालेली आहे. नळ्यांतले जंतु दोन माशांस पुरतील इतके. आणखी मासे आणावयाचे तर जंतूंस आधीं वाढण्यास अवधि द्यावा लागेल, हें आतां सहावीचा मुलगाहि सांगतो.

‘सर, प्रवाळ केव्हां आणावयाचें?’ हा प्रश्नहि येतोच. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८४६ सालीं अॅना थिन नांवाच्या एका इंग्रज बाईनें किनाऱ्यावरून दगडी प्रवाळाचे जिवंत प्राणी लंडनमध्यें आणले. पंप नव्हते, वीज नव्हती. तिची दासी रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशीं उभी राहून पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत असे. त्या धारेबरोबर हवा पाण्यांत शिरे, आणि प्रवाळ जगलें. बाईचें नांव ग्रंथांतून आढळतें; दासीचें मला कोठें आढळलें नाहीं. पुढें फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या १८५४ च्या पुस्तकामुळें घरोघरीं समुद्राच्या टाक्या ठेवण्याचें वेडच इंग्लंडांत पसरलें, आणि हौशी लोकांनीं किनाऱ्यावरील खडकांतील डबकीं ओरबाडून रिकामीं केलीं. गॉसच्या मुलानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत त्या ओसाड किनाऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग यानें आपली सोपी रीत प्रसिद्ध केली: समुद्रांतील जिवंत खडक व हवेचे बुडबुडे, बाकी यंत्र कांहीं नाहीं. खडकांतील जंतु हीच त्याची गाळणी. पद्धत उत्तम, परंतु ज्यानें त्यानें समुद्रांतून खडक उपटले, तर समुद्राची गाळणी कोणी राखावी? आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं दगडी प्रवाळांचा समावेश झाला. तीं समुद्रांतून काढणें हा गुन्हा आहे. म्हणून आमच्या कपारी चिनीमातीच्या आहेत व तशाच राहतील. प्रवाळ पाहावयाचें तर आपल्याच राज्यांत मालवणला जावें. तेथील समुद्रास १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित केलेलें आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तें जेथल्या तेथें जिवंत दिसतें.

अॅना थिनच्या दासीची गोष्ट मुलांनीं ऐकली तेव्हां ती त्यांस फार जुनी वाटली असावी. मार्चमध्यें एका रात्रीं अवकाळी पाऊस झाला, तारेवर झाड पडलें आणि सर्व परिसराची वीज गेली. ‘वीज गेली तर’ या प्रश्नाकरितां आम्हीं बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घेऊन ठेवला होता. तो तीन तास इमानें चालला आणि मग मंद होत थांबला. रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी प्रयोगशाळेंत पोहोंचलों तों वसतिगृहाचीं सहा मुलें गृहपालांची परवानगी घेऊन कंदील घेऊन तेथें आधींच आलेलीं. पुढें होता तोच विद्यार्थी. तांब्यानें टाकींतलें पाणी उचलावयाचें आणि हातभर उंचीवरून बारीक धारेनें परत सोडावयाचें. मागच्या कप्प्यांतलें पाणीहि तसेंच पुढें आणावयाचें, कारण नळ्यांवरील जंतूंसहि श्वास हवा. दोघांनीं पंधरा मिनिटें ओतावें, चौघांनीं निजावें, अशा पाळ्या त्यानें लावल्या. ‘रात्रपाळी’ हा शब्दहि त्याचाच. पहांटे साडेचारास दिवे लागले. मासे कपारींतून बाहेर आले, आणि पंपाची घरघर ऐकतांच मुलें तेथेंच जमिनीवर झोंपीं गेलीं. दुपारीं पाण्याची परीक्षा केली: अमोनिया शून्य.

आतां टाकीचें काम नित्याचें झालें आहे. उन्हाळ्यांत पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा वारा घालतो, त्यामुळें उष्णता दोनतीन अंशांनीं उतरून २६ ते २७ अंशांवर राहते. पण तितकेंच पाणी उडून जातें, कधीं कधीं दिवसास एक लिटर. उडतें तें पाणी, क्षार मागेंच राहतात. म्हणून भर घालावयाची ती कोऱ्या पाण्याची, खाऱ्याची नव्हे. दर शनिवारीं पांच लिटर पाणी काढून तितकेंच नवें खारें पाणी घालतों, त्यामुळें नायट्रेट वाढत नाहीं. कापूस तीन दिवसांनीं, फेसाचा पेला दोन दिवसांनीं. नळ्या मात्र नळाच्या पाण्याखालीं कधींहि धूत नाहीं. त्यांतील क्लोरीननें घरचे कामकरीच मरतील. फार मळल्या तर टाकींतून काढलेल्या पाण्यांतच विसळतों. सुटीच्या दिवसांत हें सर्व काम शाळेचे शिपाई व मी वांटून घेतों.

पालकबंधुभगिनींनो, आपलीं मुलें घरीं येऊन दोन नारिंगी माशांचें वर्णन करतील. मासे सुंदर आहेत, आणि त्यांच्या अंगावरील पांढरे पट्टे पाहण्यासारखेच आहेत. परंतु सुरुवातीस केलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्यापाशीं नाहीं. मोठा समुद्र स्वच्छ राहतो, तो त्याच्या तळाशीं, कपारींत, अंधारांत, कोणी पाहत नसतां अखंड काम करणाऱ्यांमुळें. आणि आमचा धाकटा समुद्र त्यांच्या सवडीनें तयार झाला, आमच्या नव्हे. आपलें घर, गांव, शहरहि असेंच कोणाच्या तरी रात्रपाळीवर चाललेलें असतें. तेव्हां पुढील संमेलनास आलांत म्हणजे माशांपुढें अवश्य थांबा. मग दोन पावलें बाजूस सरून काचेच्या पडद्यामागेंहि एकदां डोकवा. नळ्या दाखविण्यास एक विद्यार्थी तेथें उभा असेल. त्यास विरजणाविषयीं विचारा. तो आनंदानें सांगेल.

— एक विज्ञान-शिक्षक